लोखंड परत येतं

मोआत पांढरी चादर कुणी विकत घेत नाही.
दोरीवर टाकलेलं काहीही
संध्याकाळपर्यंत विटकरी होतं.
माझा लग्नाचा पोशाख
नोंदणी कचेरीच्या पायरीवरच झाला.

रात्रपाळीला माझ्याकडे डोंगर येतो,
बाटलीतून.
डोंगर तोवर राहिलेला नसतो म्हणा,
त्याची पेज झालेली असते, तांबडी, दाट.
शंभर पाट्या जांभ्याच्या मातीत
एक पाटी निकेल, तीही शीग लावून नाही.
बाकी बहुतेक लोखंड.
लोखंडाला इथे कुणी विचारत नाही.

उभ्या टाक्या, आतून शिसं आणि विटा.
चौथीला आम्ही सासू म्हणतो,
तिच्याजवळ कुणी मोठ्याने बोलत नाही.
पिवळं गंधक जहाजातून येतं,
जळतं, आम्ल होतं, आत जातं.
अडीचशे अंशांच्या आसपास,
आणि दाब असा
की पाण्याला उकळायचीसुद्धा मुभा नाही.

आत काय चालतं ते कुणी पाहिलेलं नाही.
बिसेट इंजिनिअरनी खडूने काढून दाखवलं होतं:
आधी सगळेच विरघळतात,
लोखंड, निकेल, चिमूटभर कोबाल्ट,
एका पाण्यात, एका घरचे असल्यासारखे.
मग लोखंडाचं मन फिरतं.
त्या धगीत त्याला विरघळून राहवत नाही.
घेतलेलं आम्ल ते सोडून देतं
आणि पुन्हा गंज होऊन तळाशी बसतं.
सुटलेलं आम्ल पुन्हा निकेल शोधत फिरतं.
निकेल मात्र मागे वळत नाही.
ते पाण्यातच राहतं, हिरवं,
पुढे काळी भुकटी होऊन जहाजात चढतं.

मी तेवीस वर्षांची होते. वहीत लिहून घेतलं:
लोखंड परत येतं.
परीक्षेत आलं नाही.

उरलेल्या आम्लाची समजूत घालायला
खाडीतून पोवळ्याचा चिखल लागतो.
बाबा तो उपसायचे, क्रेसेन्सिओ, ड्रेजरवर एकोणीस वर्षं.
आमच्या घरात तेवढंच पांढरं होतं,
त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतलं.
म्हणायचे, हे कधीकाळी जिवंत होतं, इदाल्मिस,
म्हणून फसफसतं.
मेलेल्याला एवढा कळवळा कुठून, मी विचारायचे.
ते हात धुवायला निघून जायचे.
चिखलात सापडलेला एक शिंपला
माझ्या ब्युरेटपाशी आहे. कडेने थोडा झिजलाय.
माझंच एकदा चुकून काही सांडलं होतं.

लेओस्दानी मार्चमध्ये गेला.
विमानाने निकाराग्वा, मग उत्तरेला,
बसने, पायी, एका ट्रकच्या ताडपत्रीखाली.
आता रविवारी फोन करतो.
इथे गाड्या आवाज करत नाहीत, मामा,
मागून येतात आणि कळतच नाही.
त्यांच्या बॅटरीत आपली माती आहे.
मी विचारलं, रंग कोणता?
गाडीचा? म्हणाला.
मग बराच वेळ नुसती खरखर.

आज पहाटे चारच्या नमुन्यात
लिटरमागे बत्तीस ग्रॅम मोकळं आम्ल.
थेंब थेंब सोडत होते,
गुलाबी झाल्यावर हात थांबवला. आकडा लिहिला.
ड्रेजर बिघडलाय म्हणतात,
चिखल दोन दिवस कमीच येणार.

घरी दाराशी त्याचे कामाचे बूट आहेत.
बहीण म्हणते, धू नाहीतर दे कुणाला तरी.
पायरीवर आपटले
तर अर्धा किलो माती निघेल.
असले हिशेब करू नयेत, पण सवय आहे:
एक टक्का धरला तर
पाच ग्रॅम निकेल,
अजून कुठेच गेलेलं नाही.